बोलती ऐरण

एका म्हाताऱ्या लोहाराची ऐरण मी खराब केली. चोरली नाही, विकली नाही, पाडली नाही. तिला बरी करायला गेलो आणि कायमची मुकी करून ठेवली. त्याहून वाईट म्हणजे त्याचा आळ दुसऱ्यावर आला तेव्हा मी समोर उभा होतो आणि गप्प बसलो. एक-दोन दिवस नाही, पाच महिने. हे आधीच सांगून टाकतो. पुढे महिपतनानांच्या गमती वाचून कुणाला हसू आलं, तर त्या हसण्याच्या भरात मला कुणी भला माणूस समजू नये.

महिपतनाना सगळं वाजवून बघायचे. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडायचं आणि त्याच्या सांध्याने दोनदा टकटक. शेडसमोर मोटारसायकल लागली की पेट्रोलच्या टाकीवर टकटक. मार्केट यार्डातून कलिंगडांचा टेम्पो निघाला की त्याच्या फाळक्यावर टकटक. चहाचा कप, गॅसचं सिलिंडर, शेजारच्या वजनकाट्यांच्या दुकानाचं नवं काचेचं दार, काहीही. मग मान तिरकी करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. निकाल दोनच होते. "बोलतीय," किंवा "मुकी हाय." टेम्पो असो की कलिंगड, नानांच्या निकालात सगळं स्त्रीलिंगीच. काचेचं दार मुकं निघालं. आठवड्याभरात ते कुणाच्या तरी हातगाडीने फुटलं. तेव्हापासून नाना दिसले की तो दुकानदार दारासमोर हात पसरून उभा राहायचा. "नाना, लांबून. जे काय असेल ते लांबून बोला."

गुलटेकडीला, यार्डाच्या भिंतीमागच्या गल्लीत नानांची पत्र्याची शेड आहे. भात्याच्या जागी आता विजेचा पंखा बसवलेला; बाकी सगळं जुनं. कोयते, कुऱ्हाडी, विळ्या अशी किरकोळ कामं यायची, पण मुख्य काम हमालांच्या आकड्यांचं. पोत्यात अडकवून पोतं पाठीवर घ्यायला हमाल जो लोखंडी आकडा वापरतात, तो. यार्डातले जुने हमाल नानांच्या हातचाच आकडा मागायचे. बाजारात तयार मिळतात ते तळहाताला चावतात, म्हणायचे.

मी राहतो कर्वेनगरला. एका कारखान्याच्या तपासणी विभागात तीस वर्षं नोकरी करतो. मोजणं हेच माझं काम आणि खोटं कशाला बोलू, हीच माझी ऐट. दर रविवारी आमच्या इमारतीतल्या चार घरांची भाजी आणायला मी मार्केट यार्डात जातो. अशाच एका रविवारी आमच्या विळीला धार लावायला मी नानांकडे गेलो.

त्यांनी विळी हातात घेतली, पातं वाजवलं, उजेडात धरलं.

"वहिनी डावऱ्या हायती."

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"पातं एका अंगानं झिजलंय की. आन् सदा घाईत असत्यात. बुडापाशीच चिरत्यात, शेंड्यापातुर जातच न्हाईत."

घरी येऊन मी हे कौतुकाने सांगितलं. आमची सुमन शाळेत शिकवते, सकाळची शाळा. ती म्हणाली, "मी घाईत असते हे त्या गृहस्थांना पात्यावरून कळलं. तुम्ही अठ्ठावीस वर्षं शेजारी उभे राहून चहा पिताय. तपासणी विभागात तुम्ही नक्की काय तपासता?"

त्या पहिल्या भेटीत नानांनी मलाही वाजवलं होतं. सरळ छातीवर, शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी. मी दचकून मागे सरकलो. ते मान तिरकी करून म्हणाले, "भरीव हाय. पर आवाज आतल्या आतच ऱ्हातोय." तेव्हा मला हसू आलं होतं.

मग मी जात राहिलो. भाजीच्या पिशव्या बाजूला ठेवून अर्धा-पाऊण तास त्यांच्या लाकडी खोक्यावर बसायचो. माझ्या खिशात नेहमी सहा इंची पोलादी पट्टी असते. ती काढून मी काहीबाही मोजायचो. म्हणून नानांनी माझं नाव ठेवलं 'मोजणीवाले'. "मोजणीवाले, तुमी मोजा, मी वाजवतो. बगू कोन आदी घरी जातं."

ऐरणीवर मात्र मला पट्टीही ठेवू देत नसत. ती त्यांच्या घरातली मोठी बाई होती. तिच्यावर बसायचं नाही, चप्पल टेकवायची नाही, चहाचा कप ठेवायचा नाही. रिकाम्या ऐरणीवर हातोडा मारायचा नाही. "काय दिल्याबिगर कशापायी मारायचं तिला?" काम संपलं की मशीनच्या तेलाचा बोळा फिरवायचा. गोडं तेल चालायचं नाही, त्याने मुंग्या येतात. भट्टीपासून लांब ठेवायची, कारण ऐरण स्वतः तापली की नरम पडते. थंडीत मात्र पहिला घाव गार ऐरणीवर पडू द्यायचा नाही. तापलेली एक पट्टी तिच्यावर ठेवून अंग जरा कोमट करून घ्यायचं. डिसेंबरात तर नाना तिच्यावर रोज घोंगडी पांघरून घरी जायचे. स्वतः हाफ स्वेटरवर कुडकुडत. कुणी चिडवलं तर म्हणायचे, "माजं काय, मी चालून ऊब घेतो. तिला पाय हायती का?"

एकदा मी पाहुण्या तज्ज्ञासारखं म्हणालो, "नाना, ही तुमच्या उंचीला बुटकी आहे. तुम्हीच सांगता ना, उभं राहिल्यावर मूठ ऐरणीला टेकली पाहिजे? तुमची दोन इंच वर राहते. कंबर जाईल. खालचा लाकडी ओंडका बदला."

"दोगांच्या मापाची हाय ती," ते म्हणाले आणि पंख्याचं बटण दाबलं. पंखा सुरू झाला की संभाषण संपलं, असा त्या शेडचा नियम होता. दोघं कोण, हे मी विचारलं नाही. नानांची बायको हौसाबाई सहा वर्षांपूर्वी वारली होती, हे मला माहीत होतं. मुलगी मंगल लोणी काळभोरला दिलेली. ती रोज यार्डात येणाऱ्या भाजीच्या टेम्पोबरोबर बापाचा डबा पाठवायची. एवढीच माझी माहिती.

आणि त्या ऐरणीला मधोमध एक खड्डा होता. एकदा नाना चहा सांगायला गेलेले असताना मी गुपचूप पट्टी आडवी ठेवून मोजला. सव्वातीन मिलिमीटर. ते परत आले तेव्हा मी म्हणालो, "नाना, हिला सव्वातीनचा खड्डा आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खळी म्हना."

खळी तर खळी. धंद्यातला शब्द असेल, असं समजून मी तो माझ्या डायरीतही लिहून ठेवला: ऐरणीची खळी, ३.२५ मि.मी. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते तेव्हा नाना त्या खळीतच हळदकुंकू वाहायचे, बाकी ऐरणीवर बोटही लावायचे नाहीत. कुंकू सांडू नये म्हणून असेल, असं मला वाटायचं. तपासणी विभागातला माणूस असा विचार करतो.

ऐरण निवडून देण्यात नानांचा हात धरणारा कुणी नव्हता. फॅब्रिकेशनवाले त्यांना जुन्या बाजारात घेऊन जायचे. एकदा आमच्याच भागातला एक तिशीतला गृहस्थ आला. आयटीत होता. त्याला फावल्या वेळात चाकू घडवायचे होते.

"काका, ॲक्च्युअली मला एक छोटा सेटअप करायचाय. बाल्कनीत. व्हिडिओ वगैरे सगळे बघितलेत."

"कितवा मजला?"

"नववा."

"मग आदी खालच्या आठ जनांना इचारून या. त्यांचं पन व्हिडिओ बगून झालं आसलं तर घिऊ."

तरी घेऊन गेलेच. मीही बरोबर होतो. एका दुकानदाराने काळ्याभोर रंगाची, वरून आरशासारखी चकचकीत ऐरण पुढे केली. त्या गृहस्थाचे डोळे लकाकले. नानांनी खिशातून छर्रा काढला. बेअरिंगमधली पोलादी गोळी, बोराएवढी. ती त्यांच्या खिशात कायम असायची. हातभर उंचीवरून त्यांनी ती ऐरणीवर सोडली. गोळी जेमतेम चार बोटं उडाली आणि पडून राहिली.

"बगितलं? दिलेलं माघारी देत न्हाई ही. चांगली ऐरण निम्म्याच्या वर परत देती, तुमच्या हातात आनून देती. आन् ही चकचक बगून भुलू नका. ऐरणीची ताकद वरच्या कातडीत असती. बोटभर पन न्हाई, नखाएवढी. कुनीतरी घासून सपाट केलीय हिला. कातडी सोलल्यावर खाली काय ऱ्हातं? नुसतं मांस."

हे वाक्य मी ऐकलं होतं का, हा प्रश्न मी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारला. ऐकलं होतं. पण ते जुन्या बाजारातल्या लबाड दुकानदाराबद्दल आहे, असं मी समजलो. शिकलेल्या माणसाने, चांगल्या मशीनवर, मापात करून घेतलेल्या कामाला ते लागू असेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

मे महिन्यात नानांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. तीन आठवडे लोणीला मंगलकडे राहायचं. न्यायला जावई आला होता, सुनील. कॉलेजच्या बसवर ड्रायव्हर आहे. मोकळा, मोठ्याने हसणारा माणूस. सामान उचलता उचलता ऐरणीकडे बघून म्हणाला, "मामा, आता हिला बी ॲडमिट करा. केवढा खड्डा पडलाय. घासून तरी घ्या, न्हाईतर मोडीत घाला."

नानांनी तिच्यावरून एकदा हात फिरवला. मी मनात म्हटलं, बरोबर बोलतोय हा.

शेडची एक किल्ली मंगलकडे असायचीच. दुसरी नानांनी माझ्या हातात दिली. "तिसऱ्या दिवशी तेलाचा बोळा फिरवा. आन् बोटानं वाजवत जावा. बोलायची सवय ऱ्हायली पायजे तिची."

मी दोनदा गेलो, बोळा फिरवला, वाजवली. ठण्ण. शेवटपर्यंत घुमणारा, देवळातल्या घंटेसारखा आवाज होता तिचा. तिसऱ्यांदा मी ओळखीच्या एका वर्कशॉपची दोन माणसं आणि टेम्पो घेऊन गेलो. यार्ड बंद असलेला दिवस होता, गल्लीत कुणी नव्हतं. कुणी पाहिलं नाही, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्याची सोय मला नंतर झाली.

ग्राइंडिंग मशीनवर साडेतीन मिलिमीटर काढले. मी शेजारी उभा राहून सगळं बघितलं. पट्टी आडवी ठेवून डोळा लावला. पट्टीखालून उजेडाची रेघसुद्धा येत नव्हती. मला अतिशय आनंद झाला. नाना बघतील तेव्हा काय म्हणतील, याची वाक्यं मी टेम्पोत बसून जुळवली. कडकपणा तपासायचं यंत्र त्या वर्कशॉपमध्ये दहा पावलांवर होतं. कारखान्यात तशाच यंत्रावर रोज शंभर तुकडे मी स्वतः तपासतो. त्या दिवशी सपाटपणा मोजला. कडकपणा मोजावा असं सुचलं नाही.

परत ओंडक्यावर ठेवली, तेल लावलं, घाईत वाजवायची राहिली.

नाना शनिवारी परत येणार होते. रविवारी मी भाजी न घेताच आधी शेडवर गेलो. शाबासकी घ्यायला.

नाना खोक्यावर बसले होते. ऐरणीवर छर्रा पडलेला. मला बघून त्यांनी तो उचलला, हातभर वरून सोडला. ठप्. चिखलात पडावा तसा.

"बगा, मोजणीवाले," ते म्हणाले. "जावयानं सोलली."

मला काही कळेना. त्यांनीच सांगितलं. काल मंगल आणि सुनील त्यांना सोडायला आले होते. शेड उघडली, नानांनी ऐरण बघितली, वाजवली. विचारलं, कुणी केलं? सुनील हसला. "बरं झालं की मामा, सपाट झाली." त्या हसण्यावरच निकाल लागला. सुनील शपथा घेत राहिला, मंगल रडली. नानांनी विचारलं, "मंग काय ऐरनीनं आपली आपन दाढी केली व्हय?" किल्ली मंगलकडे होती. घासून घ्या असं सुनीलच म्हणाला होता. नानांनी तिच्याकडून किल्ली काढून घेतली आणि सांगितलं, परत यायचं न्हाई, डबा बी धाडायचा न्हाई.

"दुसरी किल्ली माझ्याकडे होती, नाना," मी म्हणालो. एवढं बोललो, हे खरं आहे. ते मी नंतर स्वतःच्या बाजूने पुष्कळदा मांडून बघितलं.

"म्हाईत हाय की. पर तुमी इचारल्याबिगर हात लावनार न्हाई. तुमाला मी शिकवलंय. जुन्या बाजारात सांगितलं न्हवतं का?"

सांगितलं होतं, असं मी मान हलवून कबूल केलं. पुढचं वाक्य तोंडात आलं होतं. मग नानांनी माझ्यासाठी चहा सांगितला आणि तो मी प्यालो.

त्यानंतर नाना वाजवायचे थांबले. मोटारसायकली येत होत्या, टेम्पो जात होते. बोट दुमडत नव्हतं. वजनकाट्यांचा दुकानदारच एकदा मला म्हणाला, "नानांना सांगा, आमचं दार वाजवलं तरी चालेल. नवीन बसवलंय, जाड काच आहे." मी सांगितलं. नाना म्हणाले, "सगळं वाजवून बगितलं. घरातलंच वाजवायचं ऱ्हायलं."

आकडे बिघडले. आकड्याचं पोट त्या खळीत ठोकूनच वळायचं, हे मला तेव्हा कळलं. आता नाना ऐरणीच्या शिंगावर, म्हणजे तिच्या निमुळत्या टोकावर, वळवायचे. बबन नावाचा एक जुना हमाल आकडा परत घेऊन आला. "नाना, राग मानू नका. पर ह्यो हातात बसंना. उलटा वळतोय." नानांनी तो परत घेतला. पुढच्या रविवारी आणखी दोन परत आले होते. घाव घातला की ऐरणीवर हातोडीचे वण उठायचे. नाना ते अंगठ्याने चोळायचे, जसं काही पुसलं जाणार होतं.

मी दुसऱ्या ऐरणी बघायला निघू म्हणालो. "बगू," म्हणाले. डब्याऐवजी दुपारी वडापाव खायचे. मंगलने दोनदा तरीही डबा पाठवला. तो झाकण न उघडता टेम्पोवाल्याबरोबर परत गेला. मी प्रत्येक रविवारी सांगायचं ठरवून जायचो आणि पालक, मेथी, कोथिंबीर घेऊन परत यायचो. मला काय होण्याची भीती होती? नाना मला मारणार नव्हते. मला फक्त त्यांच्या नजरेत 'इचारल्याबिगर हात लावनार न्हाई' असा माणूस राहायचं होतं. तेवढ्यासाठी मी एका माणसाची लेक त्याच्यापासून पाच महिने तोडली.

घरी सुमनला मी सगळं सांगितलं होतं. सप्टेंबरात तिने स्वयंपाकघरातून विचारलं, "सांगितलंत त्यांना?"

"अजून नाही."

"अजून या शब्दाला मुदत असते का हो काही?" मग ती विळी घेऊनच बाहेर आली. "बोथट झालीये. मीच नेऊन देते. येताना सांगूनही येते. दोन कामं एका खेपेत."

"मी सांगतो."

"कधी?"

मी आधी लोणीला गेलो. का, तर मुलीला सांगणं सोपं वाटलं. मंगलताई दारातच भेटल्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सुनील बाजूला बसची धुलाई करून आलेल्या कपड्यांत उभा होता. तो हसला नाही. म्हणाला, "साहेब, चार महिने माझ्या घरात कुनी हसलं न्हाई. मी हसायला भितो आता." आणि आत निघून गेला.

मंगलताईंनी मला आत बोलावलं नाही, पण पाणी आणून दिलं.

"तुमी त्याला खड्डा समजला?"

"नाना खळी म्हणायचे. मला वाटलं, धंद्यातला शब्द आहे."

"कसला धंद्यातला." त्या भिंतीला टेकल्या. "आईचा घण पडून पडून झालेली ती. पस्तीस वर्सं समोर उभी राहून घण मारला तिनं. नाना सांडशीत लोखंड धरायचे, लहान हातोडीनं जागा दावायचे, आन् आई बरोबर तितंच घण टाकायची. एक सूत हिकडंतिकडं न्हाई. तिच्या उंचीला ठोकळा कापला व्हता त्यांनी. आई हसली की तिच्या डाव्या गालाला खळी पडायची. नाना म्हनायचे, हौसानं गालावरची खळी ऐरनीवर उतरवली. तिचा एक बी फोटो न्हाई आमच्याकडं, हसताना काढलेला."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. पातं बघून जो माणूस माझ्या बायकोची घाई ओळखतो, त्याच्या ऐरणीवरची झीज कुणाची आहे, हे मी पाच वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मोजली मात्र होती. डायरीत लिहिलेली आहे.

"खंडेनवमीला चला माझ्याबरोबर," मी म्हणालो. "तुमच्यासमोर सांगतो."

खंडेनवमीला सकाळी आम्ही दोघं शेडवर पोचलो. मंगलताईंच्या हातात डबा होता. त्या बाहेर उन्हातच थांबल्या. सुनील आला नाही. मीही आग्रह केला नाही.

आत नानांनी हातोड्या, सांडशी, घण, सगळं धुऊन ओळीने मांडलं होतं. ऐरणीला झेंडूची माळ घातली होती. नाना समोर उभे होते, उजव्या हाताच्या चिमटीत कुंकू. ते कुठे वाहावं, त्यांना कळत नव्हतं. हात ऐरणीवर नेत होते, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, आणि परत घेत होते. सगळीकडे सारखीच सपाट. पट्टीखालून उजेड न येणारी.

"नाना," मी म्हणालो, "सुनीलने नाही केलं. मी केलं. वर्कशॉपमध्ये नेऊन घासून आणली. तुम्ही नव्हता तेव्हा. आणि नंतर गप्प बसलो."

त्यांची चिमटी तशीच राहिली. बाहेर कुठेतरी हमाल हाका मारत होते. नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होते.

"उनात का उबी हायस?" ते म्हणाले. "आत यी."

मंगलताई आत आल्या. डबा खोक्यावर ठेवला. नानांनी डब्याला हात लावला नाही, पण परत ने असंही म्हणाले नाहीत. "जावई?" त्यांनी विचारलं.

"घरी हायती."

"त्येंना म्हनावं, म्या येतो. मलाच यावं लागंल." मग ते माझ्याकडे वळले. "आन् तुमी. काय केलं म्हनाला?"

"ऐरण घासली. खड्डा काढायला म्हणून."

"काय काढायला?"

नाना एक पाऊल पुढे आले. कुंकवाची चिमूट डाव्या हातात घेतली, उजव्या हाताचं मधलं बोट दुमडलं आणि माझ्या छातीवर, शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी, टकटक केलं. पाच महिन्यांनी पहिल्यांदा. मान तिरकी करून ऐकत उभे राहिले.

"भायेर येऊ द्या," ते म्हणाले. "नीट बोला."

"खळी," मी म्हणालो. "नाना, हौसाबाईंची खळी मी पुसली. तुम्हाला न विचारता. तुमच्या जावयावर आळ येऊ दिला, तुमच्या लेकीला तुमच्यापासून तोडलं आणि तुमचा चहा पीत बसलो. मला माफ करा."